दोन तिरक्या रेघांची अळंबी

"काय नजर आहे हो तुमची, भावोजी!"

हे वाक्य सहीसाहेबांच्या बायकोने एका रविवारी सकाळी सव्वादहा वाजता, स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या नवऱ्यादेखत उच्चारलं. सहीसाहेब तेव्हा ओट्याखाली वाकून गॅसची नळी तपासत होते. त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला, पण तो आवाज कुणी ऐकलासुद्धा नाही, कारण सगळी मंडळी टेबलावरच्या टोपलीत डोकं खुपसून बसली होती. टोपलीत जंगलातून आणलेल्या पिवळ्याधमक अळंब्या होत्या, आणि मागे, दाराच्या चौकटीला ऐटीत टेकून, त्यांचे साडू उभे होते.

आता वाक्य तसं साधंच आहे. पण ते कुणाच्या घरात बोललं जातंय, याचा काही पोच हवा की नको? सहीसाहेब सव्वीस वर्षं बँकेत एकच काम करत आले होते. चेकवरची सही आणि कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी ठेवायची, भिंग लावायचं, आणि खरी की खोटी ते सांगायचं. अख्खी इमारत त्यांना सहीसाहेब म्हणायची ती याच कामामुळे. त्यांचं खरं नाव पोस्टमनलाही पाटी वाचल्याशिवाय आठवत नसे. त्यांच्या या नजरेबद्दल बायकोने सव्वीस वर्षांत एकदाच काय तो उद्गार काढला होता, आणि तो होता, "भाजीतला केस तुम्हालाच बरा सापडतो!"

साडूंबद्दल सहीसाहेबांच्या मनात तसं काही नव्हतं. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. आता त्यांचे केस या वयातही काळे होते, कलप न लावता. त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांना कळ्या येत आणि त्या चक्क उमलत. उठता-बसता त्यांचे गुडघे वाजत नसत. आणि ते बोलायला लागले की बायका हातातलं काम ठेवून ऐकत. यातल्या कशालाही सहीसाहेबांची हरकत नव्हती. त्यांना फक्त हे सगळं दिसत असे, रोज, बारकाईने. साडूंचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाची नजर आपल्या घरात वाखाणली जावी, हे मात्र त्यांना सोसवेना.

"खरी-खोटी ओळखता कशी?" त्यांनी गुडघे वाजवत उठून विचारलं.

"अहो, ओळखायचंय काय त्यात!" साडू म्हणाले. "या पिवळीची एक तोतया असते, अगदी जुळी बहीण म्हणा. ती खाल्ली तर माणूस दोन दिवस संडासातून बाहेर येत नाही. पण आपलं काय आहे, सहीसाहेब, खरी समोर आली की मन सांगतं."

मन सांगतं! बँकेत मनाचं ऐकलं असतं तर एव्हाना सगळे खातेदार आणि स्वतः सहीसाहेब कुठे असते, याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला, आणि त्याच क्षणी ठरवलं की हे वाक्य परत घ्यायचं. म्हणजे बायकोच्या तोंडून, याच स्वयंपाकघरात, याच सुरात, शेवटी 'भावोजी' न लावता.

संध्याकाळी ते अळंब्यांवरचं एक जाडजूड सचित्र पुस्तक घेऊन जिना चढले, आणि तिथेच चूक झाली. ते पिशवीत लपवायला हवं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सल्ले सुरू झाले. निवृत्त पोस्टमास्तरांनी सांगितलं की अळंबी शिजताना चांदीचा चमचा घालायचा, काळा पडला तर विषारी. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचं म्हणणं, चमच्याबिमच्याचं काही खरं नाही, गोगलगायीने खाल्लेली असली की डोळे मिटून खावी. पोस्टमास्तर म्हणाले, गोगलगायीचं आणि माणसाचं पोट एकच का? शिंपीणबाई म्हणाल्या, तुमच्या घरी चांदीचा चमचा आहे तरी का? यानंतर ते दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत, आणि त्याचं खापर सहीसाहेबांवर फुटलं. समोरच्या कंपाउंडरने मात्र काहीच सल्ला दिला नाही. त्याने हॉस्पिटलचा फोन नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि सहानुभूतीने मान हलवली. सहीसाहेबांना तो अपमान फार दिवस पुरला.

पुस्तकात एक गोष्ट वाचून त्यांचे डोळे चमकले. अळंबीची टोपी कापून रात्रभर कागदावर पालथी ठेवली की तिच्यातली बारीक पूड खाली गळते आणि कागदावर ठसा उमटतो. प्रत्येक जातीच्या ठशाचा रंग वेगळा. म्हणजे अळंब्या सही करतात! सहीसाहेबांना एकदम घरच्यासारखं वाटलं. बागेतून मिळतील त्या अळंब्या आणून त्यांनी ठसे घेतले, कार्डं केली, क्रमांक घातले. घरात टेबल, खिडकी, फ्रिजचा माथा, सगळीकडे पालथ्या वाट्या आणि वाट्यांखाली टोप्या. त्यातली एक टोपी कागदाऐवजी ठेवणीतल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर राहिली. सकाळी त्यावर चॉकलेटी रंगाचं सुरेख वर्तुळ उमटलं होतं, इतकं स्पष्ट की सहीसाहेबांना ते कापून फायलीत लावावंसं वाटलं.

"ताईकडे बघा," बायको टेबलक्लॉथ साबणाच्या पाण्यात दाबत म्हणाली. "भावोजी पण अळंब्या आणतात. पण त्यांच्या घरात कधी डाग म्हणून दिसलाय?"

पुढची पायरी परवान्याची. जंगलातून अळंब्या वेचायला वन कचेरीचा परवाना लागे, आणि अट अशी की वेचलेली टोपली घरी नेण्याआधी बाजारातल्या तपासणी केंद्रावर दाखवायची. सहीसाहेबांनी अर्ज भरला, सही केली, आणि खिडकीतल्या कारकुनाने तो ओळखपत्राशेजारी धरून परत सरकवला.

"सही जुळत नाही."

सहीसाहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय जुळत नाही?"

"सही. इथे शेपूट वर गेलंय, कार्डावर खाली आहे. परत करा."

"अहो महाराज, खरी सही कधीच तंतोतंत जुळत नसते! माणसाचा हात आहे तो, छापखाना नाही. दर वेळी थोडी इकडेतिकडे होणारच. जी हुबेहूब जुळते ना, केसाइतकाही फरक नाही, ती समजायची गिरवलेली. खोटी! सव्वीस वर्षं मी बँकेत हेच काम करतोय!"

"बरं," कारकून म्हणाला. "पण जुळत नाही."

सहीसाहेब तीन वेळा गेले, तीन वेळा परत आले. चौथ्या वेळी त्यांनी ते केलं ज्याबद्दल त्यांनी आयुष्यभर लोकांना पोलिसात दिलं होतं. ओळखपत्राची झेरॉक्स खिडकीच्या काचेवर धरली, वर अर्ज ठेवला, आणि स्वतःचीच सही जीभ बाहेर काढून गिरवली. कारकुनाने ती पाहिली आणि कौतुकाने म्हणाला, "आता कशी! जरा लक्ष दिलं की जमतं." परवाना हातात आला, पण त्या दिवशी सहीसाहेबांना जेवण गेलं नाही.

परवान्याची बातमी दोघी बहिणींमध्ये फोनवर पोचली आणि लगेच ठरलं की रविवारी दोघा साडूंनी बरोबरच जंगलात जावं, बायकांनी दहा वाजता थेट तपासणी केंद्रावर यावं, आणि मग ताईंकडे अळंब्यांचं जेवण. सहीसाहेबांना अगदी असंच हवं होतं. दोन टोपल्या एका टेबलावर, बायको समोर, आणि निकाल त्रयस्थ माणसाच्या तोंडून!

जंगलाच्या तोंडाशीच त्यांनी साडूंना सांगितलं, "तुम्ही नाल्याच्या त्या अंगाला, मी या अंगाला." साडू हसले, शीळ घालत निघून गेले. सहीसाहेबांनी एका पडलेल्या झाडाच्या खोडावर रुमाल अंथरला, त्यावर पुस्तक, भिंग, चाकू आणि दोन ढिगांसाठी दोन जागा अशी व्यवस्था केली आणि कामाला लागले. जागा भाग्याची होती. पिवळ्या अळंब्या पावलोपावली. कापायची, आणायची, पुस्तकातल्या चित्राशेजारी धरायची, भिंग लावायचं.

आणि इथे आपल्या सहीसाहेबांची सव्वीस वर्षांची नोकरी त्यांच्या मदतीला धावून आली.

पहिलीच अळंबी हुबेहूब चित्रासारखी निघाली. तोच रंग, टोपीची तीच नागमोडी कड, खाली देठावर उतरत गेलेल्या त्याच जाडसर घड्या. सहीसाहेब स्वतःशी हसले. इतकी तंतोतंत? ज्या गोष्टीला तोतया आहे, तिच्या बाबतीत इतकं तंतोतंत म्हणजे काहीतरी काळंबेरं नक्की. पुढची जरा वेगळी होती: रंग किंचित केशरी, खालच्या घड्या पातळ, दाट, पात्यांसारख्या. हा माणसाच्या हाताचा, आपलं, निसर्गाच्या हाताचा स्वाभाविक फरक. खरी! टोपलीत. अशा रीतीने तीन तास, घाम पुसत, एकही नजरचूक न करता त्यांनी सगळ्या हुबेहूब अळंब्या बाजूला काढल्या आणि सगळ्या जरा वेगळ्या टोपलीत भरल्या.

बाजूला काढलेल्या त्यांनी नुसत्या फेकल्या नाहीत. बाद चेकवर ते जशा मारत, तशा प्रत्येकीच्या टोपीवर चाकूने दोन तिरक्या समांतर रेघा मारल्या. रद्द. ही त्यांची जुनी खोड. घरी कॅलेंडरवर गेलेला दिवस, मुदत संपलेल्या औषधांची खोकी, फाटकी बनियन, सगळं या दोन रेघांनी रद्द होत असे. मग पडलेल्या खोडाखाली, पानांवर, टोप्या वर करून, त्या रद्द अळंब्यांच्या नीट रांगा लावून सहीसाहेब ताठ मानेने निघाले.

तपासणी केंद्र म्हणजे बाजाराच्या टोकाला एक पत्र्याची शेड, लांब टेबल, दिवा आणि मागे मोठा कचऱ्याचा डबा. टेबलामागे तपासनीसबाई बसल्या होत्या, हातात रबरी मोजे. दोघी बहिणी आधीच येऊन थांबल्या होत्या. साडू अजून आले नव्हते. सहीसाहेबांनी टोपली टेबलावर ठेवली आणि बायकोला जरा पुढे यायची खूण केली.

तपासनीसबाईंनी पहिली उचलली, उलटी केली, डब्यात टाकली. दुसरी, डब्यात. तिसरी, चौथी. त्यांचा वेग वाढत गेला. शेवटी त्यांनी सबंध टोपलीच उचलून डब्यावर पालथी केली आणि तळाला टिचकी मारली.

"सगळ्या तोतया," त्या म्हणाल्या. "अहो, चुकून तरी एखादी खरी यायची! इतकं अचूक विषारी वेचणारा माणूस माझ्या नोकरीत पहिलाच."

सहीसाहेबांनी विचारलं, "चांदीचा चमचा टाकून बघितलं तर?"

"चमच्याला काय कळतंय? आणि गोगलगाय म्हणाल तर तिलाही काही कळत नाही. आजवर दोन्हींच्या भरवशावर खाणारे खूप पाहिलेत. पुढचे!"

पुढचे म्हणजे साडू. ते शीळ घालत आले. टोपली शिगोशीग भरलेली, केसांत एक पान अडकलेलं, आणि तेही त्यांना शोभत होतं. तपासनीसबाईंनी एक पाहिली, दहा पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"काय हो, आज झालंय काय तुम्हाला? दर वेळी निम्मी टोपली मला फेकावी लागते. आज सगळ्या अस्सल, एकसारख्या, देठ स्वच्छ कापलेले! कुणी निवडल्या?"

"मीच की," साडू म्हणाले. "हळूहळू नजर बसते."

दर वेळी निम्मी टोपली! म्हणजे घरी ज्या नजरेचं कौतुक झालं ती या रबरी मोजेवाल्या बाईंची होती. सहीसाहेबांनी आनंदाने बायकोकडे पाहिलं. पण तिला ते ऐकूही आलं नसावं. ती डब्याकडे बघत होती. मग त्यांची नजर साडूंच्या टोपलीवर गेली. सगळ्यांत वरच्या अळंबीवर दोन तिरक्या रेघा. तिच्याखालचीवर दोन. तिसरीवर दोन. साडूंना नाल्याच्या त्या अंगाला काही मिळालं नसणार. परत येताना खोडाखाली पानांवर मांडून ठेवलेलं आयतं दुकान दिसलं असणार.

"त्या माझ्या आहेत!" हे शब्द सहीसाहेबांच्या दातांपर्यंत आले. आणि तिथेच अडकले. कारण पुढे सांगायचं काय? की मी त्या तीन तास भिंग लावून तपासल्या आणि मीच फेकल्या? जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्याच मेहनतीचा मत्सर वाटला. त्यांच्या हातच्या अळंब्या साडूंच्या टोपलीत बसून मिरवत होत्या, आणि त्यांना ओळखही दाखवता येत नव्हती. जळफळाट म्हणतात तो हाच.

ताईंच्या घरी टेबलावर टेबलक्लॉथ पांढराशुभ्र होता. लोण्यावर परतलेल्या अळंब्यांचा घमघमाट सुटला होता. साडू निवडीचं शास्त्र समजावून सांगत होते, ताई वाढत होत्या, आणि सहीसाहेब खाली मान घालून घास गिळत होते, आणि वाईट हे की तो फारच चविष्ट लागत होता. एवढ्यात बायकोचा हात थांबला. तिने काट्याने एक अळंबी उलथली, उजेडाकडे धरली. मग दुसरी. मग नवऱ्याकडे पाहिलं. सहीसाहेब मिठाची बाटली वाचू लागले.

"भावोजी," ती गोड आवाजात म्हणाली, "या रेघा कसल्या हो?"

"त्या होय? अस्सल पिवळीवर असतातच. निसर्गाची खूण."

"अगबाई! मग आमच्याकडे निसर्ग फारच आहे म्हणायचा. जुन्या औषधांच्या खोक्यांवर ही खूण उगवते. कॅलेंडरवर तर रोज एक. परवा ह्यांच्या फाटक्या बनियनवर उगवली होती."

"काय बाई बोलतेस तू!" ताई म्हणाल्या. साडूंना मात्र ठसका लागला. ते दोन ग्लास पाणी प्यायले, निवडीचं शास्त्र अर्ध्यावर सोडून दिलं, आणि मग उठून, लग्नाला इतकी वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच, सहीसाहेबांना स्वतःच्या हाताने वाढलं.

जेवून दोघं चालत घरी निघाली.

"तिथे केंद्रावर गप्प का बसलात?" बायकोने विचारलं.

"बोलून काय करणार? त्यांनी आणल्या त्या मी फेकलेल्या. आणि मी ठेवल्या त्या..."

"विषारी."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. बँकेचा नियम, हुबेहूब असेल ती गिरवलेली, जरा वेगळी असेल ती खरी. सांगताना त्यांचं त्यांनाच ते कसंसंच वाटलं. बायको मधेच थांबली.

"एक मिनिट. म्हणजे जे चित्रासारखं तंतोतंत, ते तुम्ही रद्द करता. आणि जे जरा वेगळं, ते ठेवता."

"हो."

"आणि ठेवलेलं सगळं विषारी निघालं."

"हो ग बाई, किती वेळा विचारशील?"

"लग्नाआधी तुम्हाला माझा फोटो दिला होता. मी समोर आले तेव्हा फोटोसारखी दिसत होते का?"

सहीसाहेबांना खोटं बोलता येत नसे. धंद्याने ती सोयच ठेवली नव्हती. "नाही," ते म्हणाले. "फोटोत तुझं तोंड मिटलेलं होतं. समोर आलीस तेव्हा हसलीस, आणि हा पुढचा दात जरा तिरका दिसला."

"म्हणजे जरा वेगळी. म्हणून ठेवलीत! मग मी कुठल्या टोपलीतली, ते आज कळलं."

सहीसाहेब रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुला तपासलंच नव्हतं मी. फोटो खिशातच राहिला होता. तू हसलीस, आणि मी हो म्हणून मोकळा झालो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिरका दात पुरता दिसेल इतकी ती हसली.

"काय नजर आहे हो तुमची!" ती म्हणाली.

तेच वाक्य. तोच सूर. शेवटी भावोजी नाही. यात थट्टा किती आणि कौतुक किती हे तपासायचं नाही, असं सहीसाहेबांनी मनाशी पक्कं ठरवलं, आणि तो निश्चय आपल्या इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत निभावलाही.

"अगं," कोपऱ्यावर त्यांनी विचारलं, "त्यांना म्हणालीस तेव्हाही अगदी असंच म्हणाली होतीस का?"

बायकोने हात वर केला, त्यांच्या नाकासमोर हवेत दोन तिरक्या समांतर रेघा ओढल्या, आणि जिना चढू लागली.